नकाशा पाण्याखाली आहे : इंदिरा सागर, त्यातली बेटे आणि नर्मदेचे जुने उतार

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने निघाले की भेरूघाट उतरून बडवाह मागे पडते आणि मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा भेटते. गाडीतले कोणी हात जोडते, कोणी खिडकीतून नाणे टाकते. पुढे सनावदला मुख्य रस्ता सोडून पुनासा आणि मूंदीकडे वळले की पाणी पुन्हा समोर येते, पण आता ती नदी ओळखू येत नाही. पलीकडचा काठ धुकट रेघेसारखा असतो, मध्येच हिरवे टापू उभे असतात आणि धक्क्याला बांधलेल्या मोटारबोटी एकमेकींवर आपटत असतात. हे हनुवंतिया. २०१६च्या फेब्रुवारीत इथे पहिला जल महोत्सव भरला आणि इंदूरच्या माणसाला शनिवार-रविवारी जाण्याजोगा एक ‘समुद्र’ मिळाला.

मी या पाण्यावर अनेकदा गेलो आहे, वेगवेगळ्या महिन्यांत गेलो आहे, आणि दर वेळी मला निराळा जलाशय दिसला आहे. ऑक्टोबरात ज्या बेटाला बोटीने वळसा घातला, त्याच टेकडीवर मे महिन्यात गुरे चालत चढताना पाहिली. त्या दिवसापासून माझे एक मत बनले आणि पुढच्या प्रत्येक फेरीत ते पक्के झाले. या पाण्यावर नाव घालण्याचे शास्त्र काठ पाहून कळत नाही. पाण्याची पातळी आणि पाण्याखालची जमीन या दोन गोष्टींवर ते उभे आहे. बेट कशाला म्हणायचे, बंदर कुठे होते, वाट कुठून जाते आणि धोका कुठे आहे, या चारही प्रश्नांची उत्तरे तिथूनच निघतात.

जलाशयाची मापे

इंदिरा सागर धरणाची पायाभरणी इंदिरा गांधींनी २३ ऑक्टोबर १९८४ रोजी केली. धरण ९२ मीटर उंच आणि ६५३ मीटर लांब आहे. एवढ्याशा भिंतीमागे १२.२२ अब्ज घनमीटर पाणी साठते, म्हणजे आपल्या ओळखीच्या मापात सुमारे ४३१ टीएमसी. कोयना, उजनी आणि जायकवाडी ही महाराष्ट्रातली तीन मोठी धरणे काठोकाठ भरून एकत्र केली तरी एवढे पाणी होत नाही. पूर्ण भरल्यावर हा जलाशय ९१३ चौरस किलोमीटरवर पसरतो आणि खंडवा, हरदा, देवास या जिल्ह्यांत शिरतो.

आता एक साधा भागाकार करू. १२.२२ अब्ज घनमीटरांना ९१३ चौरस किलोमीटरांनी भागले की सरासरी खोली निघते जेमतेम साडेतेरा मीटर. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २६२.१३ मीटर आणि वीजनिर्मितीसाठीची किमान पातळी २४३.२३ मीटर. दोन्हींत अंतर १८.९ मीटर. म्हणजे पाणी वर्षभरात जितके खाली उतरू शकते, ते त्याच्या सरासरी खोलीहूनही जास्त आहे. एकूण साठ्यापैकी ९.७५ अब्ज घनमीटर, म्हणजे जवळपास ८० टक्के, हा वापरायचा साठा. तो संपला की उरते ते जुन्या नदीच्या खोल दरीत आणि तिच्या उपनद्यांच्या तोंडाशी साचलेले पाणी.

निमाडचा हा भाग पुष्कळ ठिकाणी सपाट आहे. जिथे जमिनीचा चढ शंभराला एक आहे, तिथे पाणी १८.९ मीटर उतरले की काठ जवळजवळ १९०० मीटर मागे जातो. पावसाळ्यानंतर जिथे धक्का होता तिथून उन्हाळ्यात पाण्यापर्यंत पोहोचायला भेगाळलेल्या काळ्या गाळातून अर्ध्या कोसाहून अधिक चालावे लागते. उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक पिके घेतात, गुरे चारतात. नकाशावर निळ्या रंगात रंगवलेला प्रदेश असा वर्षातून काही महिने शेत असतो.

म्हणूनच ‘इंदिरा सागरात बेटे किती’ या प्रश्नाला एक आकडा देता येत नाही. जाहिरातींत नव्वदहून अधिक बेटे सांगितली जातात. ती कोणत्या पातळीला मोजली, हे सांगितल्याशिवाय त्या संख्येला अर्थ नाही. समजा एका टेकडीचा माथा २६५ मीटरवर आहे आणि मुख्य जमिनीला जोडणारी तिची खिंड २५५ मीटरवर. पाणी २५५च्या वर असेपर्यंत ती टेकडी बेट आहे, खाली गेले की भूशिर आहे. दुसऱ्या टेकडीचा माथाच २५८ मीटरवर असेल तर ती ऐन ऑक्टोबरात दिसतही नाही, पाण्याखाली चार मीटरांवर दबून असते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत नवे बेट म्हणून वर येते. पहिल्या जातीची बेटे प्रवाशाला भुरळ घालतात आणि दुसऱ्या जातीची नावेचा तळ फाडतात. खुद्द हनुवंतियाला सगळे टापू म्हणतात, पण तिथे आपण मोटारीने पोहोचतो. तीन बाजूंनी पाणी असलेले ते भूशिर आहे. तिथून बोटीने जायचे बोरियामाळ मात्र पाणी भरलेले असताना खरे बेट असते.

याच नदीवर, याच धरणाच्या खाली, नेमका उलटा नमुना आहे. ओंकारेश्वर धरण २००७ साली वीज देऊ लागले. त्याच्या जलाशयाची पूर्ण पातळी १९६.६० मीटर आणि किमान १९३.५४ मीटर, फरक फक्त तीन मीटरांचा. तिथल्या सैलानी टापूचे रूप म्हणून वर्षभर फारसे बदलत नाही. निवासासाठी बांधलेल्या खोल्या पाण्यापासून दुरावत नाहीत. तरंगते सौर पटल बसवण्यासाठी हाच जलाशय निवडला गेला, यामागे पातळी स्थिर असणे हे मोठे कारण आहे. मात्र वरून इंदिरा सागरची जनित्रे सुरू झाली की खालच्या पाण्यात काही तासांत चढउतार होतो, आणि त्याची किंमत एकदा फार मोठी मोजली गेली आहे. त्याबद्दल पुढे लिहितोच.

तिसरा जलाशय चंबळेवरचा गांधी सागर. होळकरी रामपुरा-भानपुरा जिल्ह्याच्या जमिनीवर तो पसरला आहे. १९६० साली पंडित नेहरूंनी या धरणाचे उद्घाटन केले. पूर्ण पातळी १३१२ फूट, किमान १२५० फूट; हा ६२ फुटांचा फरक मीटरमध्ये मांडला तर तोही १८.९ येतो. तिथेही बेटे हंगामी आहेत. आणि पातळी वरच्या अंगालाही चुकू शकते: सप्टेंबर २०१९मध्ये गांधी सागर पूर्ण पातळीच्या वर चढला आणि रामपुऱ्यात पाणी शिरले.

बंदरे कुठे गेली

नर्मदेला बंदर होते ते भडोच. ग्रीक आणि रोमन व्यापारी त्याला बारिगाझा म्हणत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून वर आले की मात्र ही नदी लांबच्या नौकानयनाला अनुकूल नव्हती. महेश्वरच्या खाली सहस्रधारेला ती खडकांतून असंख्य धारांनी फुटते, ओंकारेश्वरच्या मांधाता बेटाच्या वर धाराजीला ती धबधब्याने कोसळत असे. पूर आला की वेग, उन्हाळा आला की खडक. म्हणून माळवा आणि निमाडातली नर्मदेवरची नाव काठाकाठाने लांब गेली नाही. ती आडवी गेली, या तीरावरून त्या तीरावर. आपल्या भाषेत या जागांना अचूक शब्द आहे: उतार. पायी किंवा घोड्यावरून पार होता येते तो उतार, आणि पाणी चढले की तिथेच चालते ती तर. तरीचा ठेका, तरीचे उत्पन्न, तरीवरचे नावाडी हे शब्द जुन्या कारभारात रोजचे होते. ज्यांना या नदीची ऐतिहासिक बंदरे पाहायची आहेत, त्यांनी गोद्या आणि दीपगृहे शोधू नयेत, उतार शोधावेत.

असा सर्वांत मोठा उतार हंडियाचा. दक्षिण तीरावर हंडिया, समोर उत्तर तीरावर नेमावर. अकबराच्या काळात हंडिया हे माळवा सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे होते, आणि बऱ्हाणपूरहून सिरोंज, ग्वाल्हेरमार्गे आग्र्याला जाणारा रस्ता इथेच नर्मदा ओलांडत असे. दक्षिणेकडून निघालेला कापडाचा तांडा असो की उत्तरेकडून येणारी फौज, दोघांनाही इथे थांबावे लागे. सराई, किल्ला, घाट हे सगळे त्या थांबण्यातून उभे राहिले. नेमावरला नर्मदेची नाभी मानतात. सिद्धनाथाच्या देवळाचे कोरीव काम पाहायला एक दिवस पुरत नाही. आज हे जोडगाव इंदिरा सागरच्या शेपटाशी आहे. जलाशयातून पूर्वेला जात राहिले तर पाणी हळूहळू अरुंद होते, प्रवाहाची ओढ जाणवू लागते, आणि तळ्यातून आपण पुन्हा नदीत आलो हे वल्ह्यालाच आधी कळते.

खालच्या अंगाला रावेरखेडी. मराठी माणसाला हे नाव सांगावे लागू नये, तरी इंदूरहून ओंकारेश्वरला वर्षातून चार वेळा जाणारे अनेकजण तिथे कधीच गेलेले नसतात. जानेवारी १७३८मध्ये दुराईच्या तहात नर्मदा आणि चंबळ यांमधल्या प्रदेशावरचा हक्क मराठ्यांकडे आला. तो मिळवणारा बाजीराव पेशवा २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या या उताराशी तापाने गेला. समाधी तिथे आहे, साधी, चौथऱ्याची. दक्षिणेतून माळव्यात शिरताना मराठी फौजांचा तळ जिथे पडे, त्या जागी त्याने देह ठेवला, हे भूगोलाच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक आहे. एप्रिलअखेर नदीचे पाणी खूप कमी आणि उतार सोपे असतात. मोहिमांचे वेळापत्रक नदीच्या पातळीवर बांधलेले होते. ज्या दोन नद्यांची नावे त्या तहात सीमा म्हणून आली, त्या दोन्हींवर आज मोठे जलाशय आहेत.

महेश्वर हा तिसरा प्रकार, राजधानीचा घाट. अहिल्याबाईंनी १७६७पासून १७९५पर्यंत इथून कारभार केला. घाटाच्या पायऱ्या नीट पाहिल्या तर पातळीचे गणित दगडात मांडलेले दिसते. पाणी कितीही वर-खाली होवो, कोणत्या ना कोणत्या पायरीला नाव लागते. समोर पात्राच्या मध्यावर खडकावर बाणेश्वराचे छोटे देऊळ आहे, आणि संध्याकाळी तिथवर नावेने जाऊन येणे हा महेश्वरचा सर्वांत जुना नौकाविहार असावा. मांधाता तर बेटच: नर्मदा आणि निमाडातली कावेरी यांच्यामध्ये उभे, ज्योतिर्लिंग अंगावर घेऊन. पूल झाले तरी तिथले नावाडी अजून घाटाघाटाने यात्रेकरूंना फिरवतात.

उतारांचे महत्त्व पहिल्यांदा आगगाडीने संपवले. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, आणि १८७०च्या दशकात खंडवा-इंदूर लोहमार्ग नर्मदेवरून पुलाने आला. पण पुलाने उतार निरुपयोगी केले, नाहीसे केले नाहीत. ते काम धरणांनी केले. आणि इथे इतिहासाने एक विलक्षण उलटापालट केली आहे. ज्या नदीवर लांबचा जलप्रवास कधी होऊ शकला नाही, तिच्यावर आता दिवसभर एका दिशेने नाव चालवता येते. आणि ज्या घाटांसाठी नाव होती, ते त्या नावेच्या तळाखाली आहेत. धाराजीचा धबधबा, जिथे पाण्याच्या घुसळणीत बाणलिंगे घडत, तो ओंकारेश्वरच्या जलाशयात बुडाला. इंदिरा सागरने सुमारे अडीचशे गावे आणि हरसूद हे शहर घेतले. २८ सप्टेंबर १९८९ रोजी विनाशकारी विकासाच्या विरोधात देशभरातले लोक हरसूदला जमले होते. ३० जून २००४ ही ते रिकामे करण्याची मुदत ठरली. लोकांनी आपल्याच घरांच्या भिंती आपल्याच हातांनी पाडून विटा आणि सागाच्या चौकटी ट्रॅक्टरवर चढवल्या. पाणी फार उतरले की जुन्या हरसूदचे अवशेष आजही वर येतात.

परिक्रमावासीयांचे या पाण्याशी नाते आणखी वेगळे. नर्मदा ओलांडायची नाही, नावेत बसायचे ते फक्त संगमावर, समुद्राच्या तोंडाशी, हा त्यांचा नियम. जलाशयाचे पसरलेले पाणीही त्यांना नर्मदाच. म्हणून काठाकाठाची जुनी वाट बुडाल्यावर त्यांना लांबचा वळसा पडला. आपण तासाभराच्या फेरीत ज्या खाडीसारख्या फाट्यावरून सहज पलीकडे जातो, त्याला वळसा घालत ते किती दिवस चालत असतील, हे बोटीत बसल्यावर एकदा तरी मनात यावे.

तळाचा स्पर्श

एका डिसेंबरात मी भाड्याची लाकडी नाव घेतली होती. इंजिन लहान, नावाडी साठीचा. जलाशयाच्या मधोमध त्याने इंजिन बंद केले आणि लांब बांबू उचलून पाण्यात सोडला. मला वाटले खोली मोजतो आहे. बांबू हातभर आत गेला आणि टक्क वाजला. “साग,” तो म्हणाला. पाणी भरण्याआधी बुडीतातले जंगल तोडून नेले. बुडालेल्या ९१ हजारांहून अधिक हेक्टरांपैकी सुमारे ४० हजार हेक्टर जंगलच होते. खोड नेले तरी बुंधे राहिले. पाण्याखालचा साग कुजायला फार वेळ घेतो. बांबू थोडा डावीकडे सरकवून त्याने पुन्हा टेकवला, यावेळी आवाज बोथट आला. “हे आमचं खळं होतं, भैया. इथून तळ सपाट आहे, शेवटपर्यंत.” त्याने इंजिन सुरू केले आणि खळ्यावरून, मग गाडीवाटेवरून, मग जुन्या नदीच्या धारेवरून आम्हाला बेटाकडे नेले. सरळ रेघ सोडून तो का वळतो आहे, हे पाण्याकडे पाहून कोणालाच कळले नसते.

या जलाशयावरचे सगळे नौकाशास्त्र मला त्या बांबूच्या टोकाशी दिसते. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे जुन्या नदीची आणि तिच्या उपनद्यांची धार, कारण तिथे खोली हमखास असते. त्याखालोखाल जुनी शेते, कारण तिथे बुंधे नाहीत. सर्वांत वाईट म्हणजे जुन्या जंगलाचा उतार आणि गावठाणे, जिथे भिंतींचे पाये, विहिरींचे कठडे, देवळांचे चौथरे आहेत. पातळी एक मीटरने उतरली की धोक्याचा पट्टा जागा बदलतो. काल जिथून गेलो तिथून आज जाता येईलच असे नाही. म्हणून ‘खडक कुठे आहेत’ हा प्रश्न अपुरा पडतो. ‘आजच्या पातळीला खडक कुठे आहेत’ असे विचारावे लागते.

वारा

नदीत वाढलेली नाव तळ्यात का डगमगते, याचे उत्तर वाऱ्याच्या धावेत आहे. लाट किती मोठी होणार हे वाऱ्याचा वेग आणि तो मोकळ्या पाण्यावरून किती अंतर वाहतो, यांवर ठरते. किनारी अभियांत्रिकीतल्या नेहमीच्या सूत्राने पाहू. ताशी ४० किलोमीटरचा वारा एक किलोमीटर पाण्यावरून आला तर लाट होते सुमारे १८ सेंटिमीटरची. तोच वारा दहा किलोमीटरवरून आला तर अर्ध्या मीटरहून मोठी, आणि दोन लाटांमधले अंतर १४ मीटरांच्या आसपास. सात-आठ मीटरांच्या नावेला हे अंतर फार अडचणीचे: नाळ वर चढलेली असताना मागचा भाग खाली गेलेला असतो आणि पाणी मागून आत येते. घाटावर पन्नास वर्षे टिकलेली चपट्या तळाची, कमी उंचीच्या काठांची नाव मोकळ्या जलाशयात म्हणूनच पुरी पडत नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. पाणी भरलेले असते आणि सकाळी वारा पडलेला असतो. जानेवारीत पहाटे धुके असते. ते उठेपर्यंत निघू नये. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळिवाचे ढग पाहता पाहता उठतात, आणि तेव्हा पातळीही उतरलेली असते, म्हणजे लाट आणि बुंधे दोन्ही एकदम. जून ते सप्टेंबर जलाशय भरत असतो, पाण्यावर ओंडके आणि झुडपे वाहत येतात. तो काळ नावेचा नव्हे.

बेटांवरचे जंगल

बेटावर उतरल्यावर शांतता असते आणि माणूस तिला अस्पर्श निसर्ग समजतो. ही बेटे वीस वर्षांची आहेत. काल-परवापर्यंत ती टेकड्या होती, त्यांच्या उतारांवर गुरे चरत होती, खाली गाव होते. अशा धरणनिर्मित बेटांचे काय होते याचा जगात बराच अभ्यास झाला आहे, आणि तो इथल्या प्रत्येक सहल आखणाऱ्याने वाचावा असा आहे. पनामा कालव्यासाठी १९१३-१४च्या सुमारास गाटुन तलाव भरला तेव्हा बारो कोलोराडो ही टेकडी बेट झाली. १९२३पासून ती राखीव आहे आणि उष्ण कटिबंधातल्या वनांचे कितीतरी ज्ञान तिथून आले. व्हेनेझुएलाच्या गुरी जलाशयात लहान बेटांवरचे शिकारी प्राणी संपले. मग पाने खाणाऱ्या माकडांची आणि मुंग्यांची संख्या वाढली आणि झाडांची रोपे उरेनाशी झाली. थायलंडच्या च्याव लान जलाशयातल्या बेटांवरून २५ वर्षांत जवळपास सगळे स्थानिक लहान सस्तन प्राणी नाहीसे झाले.

इंदिरा सागरला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत, आणि कारण पुन्हा तेच: पातळी. गाटुनचे पाणी जवळजवळ एका उंचीवर राखले जाते, म्हणून तिथले बेट बारा महिने बेट असते. इथे उन्हाळ्यात खिंडी उघड्या पडतात आणि प्राणी चालत ये-जा करू शकतात. माथा उंच पण खिंड खोल, अशी जी थोडी बेटे कधीच जमिनीला जोडली जात नाहीत, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावरचे जीवन आत कोंडलेले आहे. माझे म्हणणे असे की या दोन जातींच्या बेटांना एकच नियम लावू नये. कायम तुटलेल्या बेटांवर तंबू, शेकोट्या आणि ध्वनिवर्धक नेऊच नयेत. हंगामी बेटांवर मर्यादित मुक्काम चालेल. चंबळेकाठी गांधी सागर अभयारण्यात एप्रिल २०२५मध्ये दोन चित्ते सोडले गेले. जलाशयाभोवतीची जमीन वन्य प्राण्यांसाठी किती मोलाची आहे, हे यावरून समजावे.

धाराजीची रात्र

७ एप्रिल २००५. देवास जिल्ह्यात, इंदिरा सागरच्या खाली, धाराजीला अमावस्येची जत्रा भरली होती. हजारो माणसे उथळ पात्रातल्या खडकांवर आणि वाळूत झोपली, न्हायली, बसली होती. वर धरणातून पाणी सोडले गेले. जत्रेची माहिती धरणापर्यंत नव्हती आणि पाण्याची माहिती जत्रेपर्यंत नव्हती. साठाहून अधिक माणसे वाहून गेली.

या प्रदेशात पाण्याच्या सहलीविषयी लिहिताना ही घटना टाळणे मला अपराध वाटतो. धाराजीला जत्रा पिढ्यान्‌पिढ्या भरत होती आणि लोकांना नदी ठाऊक होती. बदलली होती ती पातळी ठरवणारी सत्ता. पूर्वी पातळी ऋतू ठरवी, आता विजेची मागणी ठरवते. ओंकारेश्वर, मांधाता, महेश्वर इथे घाटावर उतरणाऱ्या प्रत्येकाने भोंगा वाजला की पाण्यातून बाहेर यायचे, हा नियम मुलांना पोहण्याआधी शिकवावा.

२०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक नावांची नोंदणी, तपासणी आणि विमा बंधनकारक केला आहे. भोपाळच्या मोठ्या तलावावर क्रूझ आणि मोटारबोटींना २०२३मध्ये हरित अधिकरणाने मनाई केली, कारण ते पिण्याचे पाणी आहे. नर्मदाही इंदूरकरांच्या घरातल्या नळाला येते, १९७८पासून. इंजिनाचे तेल पाण्यात सांडू देणारा बोटवाला आणि त्याला काही न बोलणारा प्रवासी, दोघेही आपल्याच माठात ते ओततात.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक धक्क्यावर आजची पातळी मीटरमध्ये, मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी. धरणापूर्वीच्या सर्वेक्षणाचे नकाशे समोच्च रेषांसह सरकारदरबारी आहेत. त्यांवरून या जलाशयाचा नौकानकाशा काढावा, दर दोन मीटर पातळीसाठी एक. त्यावर बुडालेली गावे, घाट, देवळे, विहिरी त्यांच्या नावांनिशी असाव्यात, बेटांची जात लिहिलेली असावी आणि जुन्या नदीची धार ठळक दाखवलेली असावी. बोटी चालवायचे काम आणि बोटींचे परवाने विस्थापित गावांतल्या नावाड्यांना आणि मासेमारांना आधी मिळावेत, कारण सरकारी नकाशात नसलेले बुंधे आणि कठडे त्यांनाच ठाऊक आहेत.

हरसूद रिकामे झाले तेव्हा जी माणसे चाळिशीत होती, त्यांनी आज साठी ओलांडली आहे. खळे कुठे होते, घाटाची शेवटची पायरी कोणती, नदीचे वळण कुठे, हे ती माणसे बांबू टेकवून सांगू शकतात. विद्यापीठांनी, भूगोलाच्या शिक्षकांनी आणि इंदूरच्या मराठी संस्थांनी या हिवाळ्यातच त्यांच्या नावेत बसावे, सोबत वही आणि दोरी घ्यावी.